भुलीत आलेली मुलगी

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी हिंगणघाटच्या एका लहानशा प्रसूतिगृहात भूल द्यायला जात असे. राहायला सिंदी मेघेला होते. थेट बस चुकली की जामच्या फाट्यावर उतरून दुसरी धरायची. हातात नेहमी एक चामड्याची बॅग असायची. तिच्यात नळ्या, माझा स्वतःचा स्टेथोस्कोप आणि औषधांचा डबा. प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्यांनी त्या वर्षी दुर्बीण आणली होती. पोट न फाडता, दोन-तीन बारीक छिद्रांमधून आत बघायचं आणि तिथूनच काम करायचं. गावात याचं इतकं नवल होतं की कारण नसतानाही बायका चौकशीला यायच्या.

दुर्बीण त्यांच्यासाठी सोपी होती, माझ्यासाठी नव्हती. पोट गॅसनं फुगवावं लागतं. फुगलेलं पोट छातीवर दाब आणतं, नाडी पळते, रक्तदाब चढतो, आणि बाई जागी झाल्यावर खांदा दुखतो. त्यामुळे भुलीसोबत वेदना दाबणारं जोरकस औषध हवं, पण असं, की काम संपल्यावर तिचा श्वास नीट चालावा आणि उलट्या होऊ नयेत. अशी औषधं अफूच्या जातीची. मॉर्फिन मी कॉलेजनंतर पाहिलंच नव्हतं. पेथिडिन ठेवायला परवाना लागायचा, आणि आमच्या परवान्याचं नूतनीकरण कुठल्याशा टेबलावर अडकलेलं होतं. उरलं पेंटाझोसिन. त्याला परवान्याची तेवढी कटकट नव्हती, आणि आमच्या भागात बहुतेक सगळे तेच वापरत. त्यानं काहींना भास होतात, वाईट स्वप्नं पडतात, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. तोवर माझ्या एकाही रुग्णाला तसं झालं नव्हतं.

ती बाई वडनेरजवळची. तिशीच्या आतली, सडपातळ, शेतात राबणारी. दिवस राहत नव्हते म्हणून दुर्बिणीतून तपासायचं होतं. भुलीआधी मी विचारलं, "याआधी बाळंतपण?"

"एक झालतं," ती म्हणाली.

"मूल?"

"पोरगी. नाई आता."

मी कागदावर लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. कसं झालं, कधी झालं, काही विचारलं नाही. त्या दिवशी आणखी तीन बायका रांगेत होत्या.

ऑपरेशन ठरल्याहून लांबलं. गर्भाशयाच्या नळीभोवती चिकटलेलं काही सोडवावं लागलं. शेवटी शेवटी तिची नाडी चढायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून दहा मिनिटं लागतील गं." मी पेंटाझोसिनची आणखी अर्धी मात्रा दिली. दुसरं काही करता आलं नसतं असं नाही. पण हाताशी ती भरलेली सिरिंज होती.

दुपारचे दोन वाजले असतील. खिडकीतून ऊन थेट तिच्या पलंगावर येत होतं. श्वास चांगला, रक्तदाब चांगला. मी श्वासाची नळी काढून तिच्या उशाशी बसले होते. तिनं डोळे उघडले आणि माझं मनगट पकडलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. खोलीच्या कोपऱ्यात ऑक्सिजनचं सिलिंडर होतं, तिकडे बघत होती.

"तिचे पाय ओले हायेत," ती म्हणाली.

"कुणाचे?"

"ती पाहा ना. उभी हाये. केसातून पाणी गळून राह्यलं."

मी म्हटलं, इथं कुणी नाही. तिनं मनगट आणखी आवळलं आणि ओरडायला लागली. "तिले दूर करा! येऊन राह्यली ती! दूर करा तिले!" आवाज बाहेर गेला. सासू दारापर्यंत आली, सुनेचे डोळे बघितले आणि आल्या पावली मागे फिरली. औषधाचा उतारा माझ्या डब्यात होता, पण तो दिला असता तर दुखणंही उसळून आलं असतं. मी झोपेचं इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांत ती शांत झाली. माझ्या मनगटावर तिच्या बोटांचे चार ठसे होते.

तिच्या नणंदेनं नंतर सांगितलं. मुलगी चार वर्षांची असताना नाल्यात बुडाली होती. कापूस वेचायला गेले होते सगळे. कुणाच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "बाई, असं काऊन झालं तिले?"

मी सांगायला हवं होतं की मी दिलेल्या औषधानं झालं. सांगितलं नाही. "अशक्तपणा आहे, होतं असं कधी कधी," एवढंच म्हणाले. त्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते गेले, आणि पुढचे काही महिने त्या भागातल्या बायका आमच्याकडे कमी येत होत्या. दवाखान्याच्या त्या खोलीत काहीतरी आहे, अशी चर्चा होती. डॉक्टरीणबाई हसण्यावारी नेत. मला हसता येत नव्हतं. खोलीत काय होतं ते मला माहीत होतं, आणि त्या औषधाचं नाव मीच भुलीच्या कागदावर लिहिलं होतं.

त्यानंतर मी पेंटाझोसिन हातात घेतलं नाही. परवान्यासाठी स्वतः खेटे घातले. पेथिडिन मिळायला लागलं, आणि पुढे काही वर्षांनी फेंटानिल आलं. लवकर चढतं, लवकर उतरतं, दुर्बिणीच्या कामाला अगदी नेमकं. कुलूपबंद कपाट, दोन सह्या, सगळं रीतसर. बायका जाग्या होत, खांदा दुखतो म्हणत, चहा मागत. मी मात्र प्रत्येकीनं डोळे उघडले की आधी ती कुठे बघते ते बघायची. ही सवय कुणाच्या लक्षात आली नाही. घरी दुपारी पडले असताना कधीकधी ओल्या पायांचा आवाज यायचा. मोलकरीण फरशी पुसत असायची, हे मला माहीत असायचं, तरी मी उठून बघायची.

दहाएक वर्षं गेली. दुर्बिणीला आता टीव्हीसारखा पडदा होता, माझ्याकडे चांगली यंत्रं होती. एका सकाळी यादीत वडनेरकडची एक बाई होती. अंडाशयात गाठ. मी खोलीत गेले तर ती माझ्याकडे बघून उठून बसली.

"तुमीच होत्या ना तवा?"

मला ओळखायला क्षणही लागला नाही. अंगानं थोडी भरली होती, कानाजवळचे केस पांढरे झाले होते. त्या ऑपरेशननंतर तिला दिवस गेले होते. दुसरी मुलगी आता शाळेत होती. तिनं नवऱ्याला चहा आणायला पाठवलं आणि तो जाईपर्यंत दाराकडे बघत राहिली.

मग म्हणाली, "बाई, तवा जे इंजेक्शन देल्लं होतं ना, तेच द्याल का मले?"

"ते मी आता वापरत नाही," मी म्हणाले. आणि दहा वर्षं अडकलेलं वाक्य एकदाचं बाहेर पडलं. "तुम्हाला तेव्हा जे दिसलं, ते त्या औषधानं. अशक्तपणा नव्हता. मी तुमच्या घरच्यांना खरं सांगितलं नाही. चूक माझी होती."

तिला राग आला नाही. ती जणू दुसरंच काही ऐकायची वाट बघत होती.

"औषधानंच झालं असन. मले काय समजते त्यातलं. पण तोंड तर तिचंच होतं ना?" ती चादरीची किनार दुमडत होती. "मी ओरडली तिच्यावर. माय असून भ्याली तिले. दूर करा म्हटलं. लेकरू एवढ्या दुरून आलं, अन् मी म्हटलं दूर करा. या टायमाले नाई ओरडणार मी. तुमी फक्त द्या."

मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसले.

"तिचा एकही फोटो नाई आमच्याजवळ," ती म्हणाली. "लहानीले पाहून लोक म्हणतात, पाहा, तशीच दिसते. नाई दिसत. लहानी बापावर गेली."

पेंटाझोसिन दवाखान्यात होतं. इतर भूलतज्ज्ञ वापरत. कपाटाच्या खालच्या कप्प्यात डबी होती आणि मी ती बाहेर काढली, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ते दिलं असतं तर वैद्यकीयदृष्ट्या कुणी मला जाब विचारला नसता. पण मला तिचे तेव्हाचे डोळे आठवत होते. मुलगी दिसेलच याची खात्री नव्हती. दिसलीच तर आईला हवी तशी दिसेल, याचीही नाही. पुन्हा तिनं ओरडायला नको होतं, आणि मी ते पुन्हा ऐकायला नको होतं. यातलं कुठलं कारण मोठं होतं, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

मी डबी ठेवली आणि परत जाऊन तिला सांगितलं, "मी ते देणार नाही."

"तुमची मर्जी," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

फेंटानिल दिलं. सगळं सुरळीत झालं. काम संपल्यावर ती हळूच, स्वच्छ जागी झाली.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं. दुखतंय?"

"नाई."

तिनं खोलीभर नजर फिरवली, एकेका कोपऱ्यावर थांबत. मग डोळे घट्ट मिटून घेतले. झोपली नव्हती. पापण्यांखाली बुबुळं हलत होती. मी बराच वेळ बसून होते. शेवटी तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळलं, तेव्हा मी उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दोन भुली होत्या. पहिली आटोपली आणि मी तिच्या खोलीत गेले. नवरा पलंगाजवळ स्टुलावर बसून संत्रं सोलत होता. मी तिच्या पायाशी बसले. कसं विचारावं कळत नव्हतं, म्हणून सरळच विचारलं.

"कशी दिसायची ती? सांगा मला."

नवऱ्याचा हात थांबला.

ती सांगायला लागली. केस दाट, तेल लावलं तरी उभे राहणारे. डोळे मोठे. रंग आपल्यासारखाच. मग अडखळली. "नाक आठवते. कपाळ आठवते. खालचं तोंडच येत नाई डोळ्यापुढं. काल पण नाई आलं."

मग नवरा संत्र्याकडे बघतच म्हणाला, "डाव्या गालावर कांजण्याचा वण होता. हसली का लांबडा व्हायचा."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुमाले याद हाये?"

"हाये ना."

"मंग इतकी वर्षं बोलले काऊन नाई?"

"तू रडशील म्हणून."

"अन् मी तुमी रडसान म्हणून," ती म्हणाली.

त्यानं संत्र्याची फोड तिच्या हातावर ठेवली. मग तो सांगायला लागला. पुढचा एक दात किडका होता. बोलताना जीभ त्या दाताला लावायची. रागावली की ओठ आत घ्यायची. मध्येच ती म्हणे, "नाई, वरचा नाई, खालचा," आणि तो म्हणे, "हां, खालचा." माझी त्यांना आठवण उरली नव्हती.

नर्सनं दारातून दोनदा खूण केली. पुढची बाई टेबलावर होती. मी उठले, पण दारापाशीच थांबले, कारण तो मुलगी हसायची कशी त्याचा आवाज काढून दाखवत होता.

त्या दिवशीची दुसरी भूल अर्धा तास उशिरा सुरू झाली.