बादबाई

आमच्या आत्याला ऑफिसात सगळे बादबाई म्हणायचे. तिची हवामान कचेरी. दूरच्या समुद्रात सोडलेली तरंगती यंत्रं रोज पाण्याचं तापमान कळवायची. संगणक ते नेहमीच्या आकड्यांशी ताडून बघायचा आणि फारच वेगळं दिसलं की पुढे ‘बाद’ छापायचा. बाद कागद फाईलला लावायचे, एवढंच आत्याचं काम. पदवीधर बाईला कचरा सांभाळायला बसवलं होतं, मला अजून राग येतो.

एका वर्षी, पावसाळ्याच्या दोन महिने आधी, ती फाईल फुगायला लागली. आत्याने नकाशावर खुणा केल्या. अकरा यंत्रं, एका ओळीत, सगळी गरम! तिथला वाराही पडला होता. तो वारा एरवी गरम पाणी आपल्या बाजूच्या काठाला रेटून धरतो. त्याने हात सोडला की पाणी मागे सरकतं, ढगही त्याच्यामागे जातात, आणि आपला पाऊस भलतीकडेच पडतो.

छापायला निघालेल्या अंदाजात मात्र ‘भरपूर पाऊस’ होता. तो वाचून धरणवाले पुराच्या भीतीने साठा सोडून देणार होते. मग पाऊस आलाच नाही तर शहर काय पिणार? आत्याची नोकरी अजून कच्ची होती. तरी ती जिवाचा धडा करून बैठकीत शिरली.

“अहो बाई, मशीनने बाद केलंय ते,” मोठे साहेब म्हणाले.

“साहेब, मशीन आमच्या सासूबाईंसारखं आहे. कधी झालं नाही ते त्याला खोटंच वाटतं. पण अकरा जणी एकच खोटं कशा बोलतील?”

कोणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी त्या भागातल्या एका जहाजाला बिनतारी संदेश पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं: ‘आम्हीही चक्रावलोय. थर्मामीटर दोनदा बदलला. पाणीच गरम आहे.’

रातोरात नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंदाज बदलला. धरणाचे दरवाजे बंदच राहिले. पावसाने खरंच तोंड फिरवलं. हसणाऱ्यांची तोंडं एवढीशी झाली, आत्याची नोकरी पक्की झाली, आणि बादबाईंनी पाहिल्याशिवाय एकही आकडा बाद करायचा नाही, असा साहेबांनी लेखी हुकूम काढला. बादबाई हे नाव तेव्हापासून लोक अदबीने घ्यायला लागले.

पुढच्या कडक उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. आत्याने स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि भरणाऱ्या बादलीपाशी कान देऊन उभी राहिली.

“अगं, वाहून चाललंय, बंद कर!” सासूबाई ओरडल्या.

आत्याने नळ बंद केला. बादली काठोकाठ भरली होती.

“एक थेंब सांडला नाही, आई,” ती म्हणाली. “माझे बाद आकडे कसे वाजतात, तेवढं ऐकत होते.”