स्वच्छ होऊन ये

रुख्मिणीबाईची तेवीस वर्षं तालुक्याच्या दवाखान्यात फरशी पुसण्यात गेली. नवरा गेल्यावर याच कामावर तिनं दोन्ही लेकी नांदायला पाठवल्या. सफाई म्हणजे झाडू आणि फिनेलची बादली, एवढंच तिला ठाऊक.

त्या दिवशी सिस्टर रजेवर होती. नव्या डॉक्टरला मराठी येत नव्हती. समोर गोरेगावकडच्या तांड्यावरची लखमा, तिसऱ्या महिन्यात पोट पडलेलं. तिला घरची बंजारा बोली अन् कामापुरती मराठी. डॉक्टरनं बाहेर पुसत असलेल्या रुख्मिणीबाईला हाक मारली.

"मौसी, इसको समझाओ. सफाई करनी पड़ेगी. कल सुबह खाली पेट आए."

"पोरी, उद्या सकाळी उपाशीपोटी ये. अन् स्वच्छ होऊन ये."

लखमा घुटमळली. "स्वच्छ न्हाई झाले तर?"

तांड्यावर पाण्याची मारामार, ही आंघोळीचं विचारत असेल, असं रुख्मिणीबाईला वाटलं. "मंग झाल्यावर ये," ती म्हणाली.

सहाव्या दिवशी लखमाला जीपमधून आणली, तेव्हा तिला शुद्ध नव्हती. अंग नुसतं भाजत होतं. नांदेडला न्यायची गाडी दारात लागेपर्यंत ती गेली. तिचा नवरा धर्मसिंग भिंतीला टेकून बसून राहिला.

"इतके दिवस कुठं व्हते हे लोक?" सिस्टर चिडून म्हणाली. "पिशवीत राहिलेलं काढायचं व्हतं. साधी सफाई."

रुख्मिणीबाई तशीच डॉक्टरकडं गेली, लखमाला काय सांगितलं होतं ते शब्दाला शब्द बोलली. तो म्हणाला, "किसी से कुछ मत कहना, मौसी." केसपेपरवर त्यानं लिहिलं, रुग्ण उशिरा आणला.

पंधरा दिवस गेले. शेवटी एका रविवारी ती गोरेगावच्या जीपमध्ये बसली आणि तिथून पायी तांड्यावर गेली. धर्मसिंग दारातच होता.

"तुमचा कसूर न्हाई, दादा. माझंच चुकलं," असं म्हणत तिनं सगळं सांगितलं.

"रोज सकाळी कपडा बघायची, मावशी," तो म्हणाला. "रक्त थांबलं का ते. म्हणायची, आज बी स्वच्छ न्हाई झाले, आज कशी जाऊ."

एवढं बोलून तो आत गेला आणि त्यानं दार लोटून घेतलं. रुख्मिणीबाई आली त्या वाटेनं परत निघाली.