अक्कांच्या घरात लसूण नव्हता

"अय्यो, ह्या घरात लसूण चालत नाही हं!" पदर नाकाला लावून घरमालकीण अक्का जिना उतरू लागल्या, की मी आधी स्वयंपाकघरातले डबे झाकायची. बंगळूरच्या चामराजपेटेतलं घर, वर त्यांचं सोवळं, खाली आम्ही भाडेकरू. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. अक्का तुम्हाला उलगडल्या तर मलाही सांगा, मी अजून गोंधळलेलीच आहे.

पहिलं बाळंतपण झालं तेव्हा मी अंगानं भोपळा होते आणि अकलेनंही तोच, फक्त आतून पोकळ. आई नव्हती. दूध पुरेना. बाळ रडे, त्याच्यावर ताण म्हणून मी रडे. बाळंतिणीला तुपातल्या लसणानं दूध येतं, एवढं ऐकलेलं. ह्यांनी पिशवीत लपवून गड्डे आणले. मी खिडक्या लावून लसूण तुपात टाकला आणि त्याचा कोळसा केला. वास पार रस्त्यापर्यंत.

अक्का दारात उभ्या.

"उंदीर मेलाय बहुतेक," मी म्हटलं.

"तुपात?"

उपाशी बाळ घेऊन आता घर सोडायचं, म्हणून मी ट्रंक ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापाशी अक्काच लसूण सोलतायत! पाकळीवर तांब्याचं बूड दाबायच्या, साल आपोआप सुटायचं. मग ठेचून तसाच ठेवायच्या. "स्वल्प थांब, लगेच टाकू नको." नंतर माझ्याच स्टोव्हवर, मंद आचेवर, गुलाबीसर. "करपला की औषध गेलं."

"अक्का, तुम्ही तर खात नाही. कुठे शिकलात?"

"काय?"

"हा लसूण."

"कुठला लसूण? खा मुकाट्यानं."

मग अक्कांची डोक्यावरून गार पाण्याची आंघोळ, मग पूजा. असं रोज. आणि दुपारी शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात मलाच दम, "ह्या घरात लसूण चालत नाही!" मी घास तोंडात धरून बसायची. गिळू की थुंकू?

आता अक्का नाहीत. माझी सून सोललेला लसूण मोबाइलवरून मागवते, तेव्हा मला एक सकाळ आठवते. अक्कांनी पहिला तांब्या डोक्यावर ओतला आणि एकदम थांबल्या.

"बाळ का रडत नाही ग?" आवाज घाबरलेला.

"पोट भरलं, अक्का. दूध पुरून उरलं. झोपलाय."

"माझ्या वेळी ह्या घरात लसूण नव्हता ग," त्या पुटपुटल्या. वर देव पारोसे खोळंबलेले, आणि अक्का ओल्या लुगड्यात त्या दगडावर नुसत्या बसून राहिल्या.