सहा दाबून लावलेला नंबर

आईचा दहावीचा निकाल दुपारी एक वाजता लागणार होता आणि तो बघायची मला बंदी होती. बंदी आईनेच घातलेली.

गेल्या वर्षी निकालाच्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी काढून घरी बसले होते. बरोबर एकला मोबाइलवर तिचा बैठक क्रमांक टाकला, आणि आई चष्मा शोधेपर्यंत मी गणिताचा आकडा वाचूनही बसले. आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चष्मा परत डबीत ठेवून दिला. पुढे पुरवणी परीक्षेच्या निकालालाही तेच झालं. बाकीचे विषय सुटले होते, गणित तेवढं अडून बसलं होतं. या वेळी तिने आदल्या दिवशीच सांगून टाकलं, "तू कामावर जायचं. तुझं तोंड बघून मला माझा निकाल कळायला नको. मी बघीन, मग मी तुला सांगीन. कंपनीत फोन करीन."

आईची शाळा नववीत सुटली, परभणीकडच्या एका गावात. मग लग्न, कांजूरमार्ग, आम्ही भावंडं, आणि गेली कित्येक वर्षं वस्तीतल्या बालवाडीत मदतनिसाचं काम. विहारात बायकांसाठी अभ्यासवर्ग सुरू झाला तेव्हा तिने कुणाला न विचारता सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं तर हा फॉर्म भरावा लागतो. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो आणि दाखल्यावर होतं तिचं माहेरचं नाव. हॉल तिकिटावरही तेच आलं. पहिल्या पेपरला वर्गातल्या बाईंनी ते नाव तीनदा पुकारलं, आणि आमची आई बाकावर बसून, ही कोण पोरगी आली नाही बरं, म्हणून इकडेतिकडे बघत राहिली. बाई गैरहजेरी मांडणार, तेवढ्यात तिच्या डोक्यात उजेड पडला. घरी आल्यावर तिने हे हसत हसत सांगितलं. रोज बालवाडीतल्या पोरांची हजेरी घेणारी बाई स्वतःच्या हजेरीला चुकली, म्हणून मी तिला आठवडाभर चिडवलं.

गणित मी शिकवणार होते. माझा डिप्लोमा झालाय, अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत मी सुटे भाग तपासायच्या खात्यात काम करते, दिवसभर मापंच घेते. पण धीर नावाची गोष्ट देवाने मला दिलेली नाही. तिसऱ्याच दिवशी मी पेन्सिल आपटली आणि आईने वही मिटली. "तू नको. तू ओरडतेस."

मग ते काम आमच्या खात्यातल्या काकांनी अंगावर घेतलं. काका मालवणकडचे, गिरणी कामगाराचा मुलगा, निवृत्तीला आलेले. रद्दी तपासणी-तक्त्यांच्या कोऱ्या बाजूवर ते चार उदाहरणं लिहून देत. मी ती संध्याकाळी घरी न्यायची आणि सकाळी सोडवलेली परत आणायची. काका लाल पेन्सिलने तपासत आणि समासात लिहीत, 'इथपर्यंत बरोबर.' ते दोघं एकमेकांना कधी भेटले नाहीत. हळूहळू सगळं खातंच त्यात पडलं. आठ माणसं, आठ टेबलं, आणि आज हिच्या आईचं वर्तुळ सुटलं का, याची सकाळी चहाबरोबर चौकशी.

आता आमच्या कंपनीच्या फोनची तऱ्हा सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळे घडलं. गिऱ्हाइकांची ड्रॉइंग्ज आमच्याकडे असतात, म्हणून मोबाइल सकाळी गेटवर जमा करायचा आणि सुटताना घ्यायचा. टेबलावरच्या फोनवरून बाहेर फोन लागत नाही, ऑपरेटर बाईंनी जोडून दिला तरच लागतो. एक ते दीड बाई जेवायला जातात. त्या अर्ध्या तासात बाहेरून आलेला फोन सरळ व्हॉइस मेलमध्ये पडतो. माणूस निरोप बोलून ठेवतो आणि आपल्या फोनवर लाल दिवा लागतो.

पण त्या दिव्यावर आमच्या खात्यात कुणाचाच विश्वास नाही. दिवा उशिरा लागतो, अशी आमची ठाम समजूत. म्हणून एकच्या ठोक्याला सगळी कंपनी व्हॉइस मेल फिरवते, आणि त्याला लाइनी आहेत फक्त दोन. तिसऱ्याला एंगेज. एंगेज आला की सहा दाबायचा आणि फोन खाली ठेवायचा. लाइन मोकळी झाली की आपला फोन आपोआप वाजतो, तुटक तुटक घंटेने. चार घंटांत उचलला तर आत प्रवेश, नाही उचलला तर नंबर गेला. याला आम्ही 'नंबर लावणं' म्हणतो. नंबर लावला की खूण म्हणून डबा फोनला टेकवून ठेवायचा आणि तिथेच जेवायचं.

त्या दिवशी सकाळपासून मी घड्याळच बघत होते. एक वाजून दोन मिनिटांनी मी फोन उचलला. दिवा लागलेला नव्हता, तरी उचलला. एंगेज. सहा दाबला, डबा टेकवला आणि उघडलाच नाही. भीती म्हणावी तर मला हसूही येत होतं. या वेळी तिचा पेपर चांगला गेलाय हे मला माहीत होतं. काकांनी प्रश्नपत्रिका तिच्याकडून मागवून घेतली होती आणि वाचून नुसती मान डोलावली होती.

शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण म्हणाली, "तू काय एकटीच बसणार आहेस नंबर लावून? थांब, मी पण लावते. ज्याचा आधी वाजेल त्याच्यावरून घे."

"झकास," मी म्हटलं. खरंच मला ती कल्पना झकास वाटली.

काकांनी खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या त्यांच्या फोनवरून सहा दाबला. मग उरलेल्या पाचांनीही. आठ फोन, आठ डबे. मी मधोमध उभी राहिले, कुठल्या दिशेला पळायचं ते ठरवत.

पहिला काकांचा वाजला. काकांनी उचलला आणि उत्साहाच्या भरात थेट मालवणीवर आले. "अगो, हंय ये! फोन इलो!" मी टेबलांमधून वाट काढत पळाले. रिसीव्हर कानाला लावून माझ्या निरोपांच्या पेटीचा नंबर दाबला, आणि पासवर्ड घातला तो गेल्या महिन्यातला. चूक. पुन्हा घातला, धाप लागली होती, एक आकडा दोनदा दाबला गेला. यंत्रातल्या बाईने नम्रपणे निरोप घेतला आणि फोन कट झाला.

तोवर मैत्रिणीचा वाजत होता. तिने उचलून धरला. "ये गं लवकर, ही बाई नंबर विचारतेय!" मी तिकडे पोचेपर्यंत बाईने तीनदा नंबर विचारून फोन ठेवून दिला होता. तिथे उभी असतानाच खिडकीजवळचा वाजला, कुणीतरी उचलला, माझ्या नावाचा पुकारा झाला. निम्म्या वाटेत मागून माझाच फोन वाजायला लागला. मागे वळले. चौथी घंटा संपली आणि तो गप्प झाला. माझा डबा त्याला टेकून बसला होता, माझ्यापेक्षा शहाणा.

"सगळे उचलून धरा रे! ती येते आहे!" कुणीतरी ओरडलं आणि दोन फोन एकदम उचलून धरले गेले. ज्यांनी धरले होते त्यांनी ते कट झाल्यावर परत फिरवले, परत सहा दाबले. आम्ही सगळे बेभान झालो होतो. कुणी हसत होतं, कुणाची भाजी सांडली. मी एका टेबलाच्या कोपऱ्यावर कंबर आपटून घेतली आणि मला ते संध्याकाळपर्यंत कळलंच नाही.

काका मात्र एकाएकी थांबले. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून अठरा मिनिटं झाली होती.

"लाइनी किती?" त्यांनी विचारलं.

"दोन," मी म्हटलं.

"आणि आता आत कोण आहे?"

दोन माणसं रिसीव्हर धरून माझ्याकडे बघत होती. दोघंही आमच्याच खात्यातली.

"म्हणजे बाहेरून फोन करणाऱ्याला काय ऐकू येत असेल?"

एंगेज. बाहेरून निरोप ठेवायलाही त्याच दोन लाइनी लागतात. मैत्रीण हळूच म्हणाली, "वाट लागली." निकाल लागून अठरा मिनिटं झाली होती, आई घरात एकटी फोन लावत बसली होती, आणि तिच्या वाटेत आम्हीच उभे होतो. मला रडू आलं. रागही आला, सगळ्यांचा आणि सगळ्यात जास्त माझा. दिवा लागेपर्यंत थांबले असते तर काय बिघडलं असतं? गेल्या वर्षी तिच्या आधी आकडा वाचला, या वर्षी तिला बोलूच दिलं नाही. दोन्ही वेळा माझी घाईच नडली.

"सगळ्यांनी फोन खाली ठेवा," काका म्हणाले. "आता कुणी काही फिरवायचं नाही. आणि वाजला तर उचलायचं नाही."

खरी परीक्षा ती होती. कारण लावलेले नंबर काही मागे घेता येत नव्हते. एकेक फोन वाजायला लागला. मैत्रिणीचा वाजला, चार घंटा, गप्प. खिडकीजवळचा वाजला. मग काकांचा. वाजणाऱ्या फोनसमोर आठ माणसं हात मांडीवर ठेवून बसली होती. मैत्रिणीने माझं मनगट धरून ठेवलं होतं. शेवटचा फोन गप्प झाला आणि पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. सगळे माझ्या फोनवरच्या त्या बिनभरवशाच्या दिव्याकडे बघत होते.

एक चोवीस. एक पंचवीस.

दिवा लागला.

मी फोन उचलला, व्हॉइस मेल फिरवला. एंगेज. दुसऱ्या कुठल्या तरी खात्यातली दोघं आत असणार. मी सहा दाबला, रिसीव्हर ठेवला आणि दोन्ही हात फोनच्या दोन बाजूंना टेबलावर टेकले. या वेळी कुणीच मदतीला आलं नाही आणि त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. दोन मिनिटं तशी गेली. मग तुटक घंटा वाजली, आणि पहिली पूर्ण व्हायच्या आत मी उचलला. पेटीचा नंबर, नवा पासवर्ड, मग स्पीकरचं बटण.

"हॅलो," आईचा आवाज आला. "बोलू का आता? बारा वेळा लावला मी. तुमच्या कंपनीत काय सगळे एकदमच बोलतात?"

सात माणसांनी आपापल्या डब्यात बघितलं.

मग तिने घसा साफ केला आणि आवाज बदलला. तिने तिचं नाव सांगितलं. दाखल्यावरचं, आजोबांचं नाव आणि आजोबांचं आडनाव लावून, सावकाश. ते मी कागदावर पुष्कळदा वाचलं होतं, तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मग बैठक क्रमांक, एकेक आकडा सुटा. मग म्हणाली, "विषय गणित. एकेचाळीस." थोडी थांबली. "उत्तीर्ण."

काकांनी लाल पेन्सिल टेबलावर ठेवली आणि चष्मा काढून पुसायला घेतला. मैत्रीण मला इतकी घट्ट आवळत होती की पुढचं ऐकण्यासाठी मला तिला ढकलावं लागलं. आई अजून बोलत होती.

"तुला घरी नको म्हटलं मी. पण आता वाटतंय, आज तुझं तोंड बघायला पाहिजे होतं." मग पुन्हा नेहमीच्या आवाजात, "बरं, ठेवते. जेवलीस का?"

दीडची घंटा झाली. मी रडत होते आणि हसतही होते, आणि मला कुणाची लाज वाटत नव्हती. काकांनी तोवर ऑपरेटर बाईंना फोन लावला होता. बाहेर फोन जोडायला साहेबांची परवानगी लागते, ती त्यांनी एका वाक्यात उडवून लावली. "साहेबाक मी सांगतंय, तुम्ही आधी जोडा." आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

पहिल्याच घंटेला आईने उचलला. "हॅलो?"

काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. आई म्हणून हाक मारायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते तिचं नाव. दाखल्यावरचं, पुरं, वर्गात पुकारतात तसं.

इकडे आठ टेबलांवर कुणी हललं नाही.

मग आई म्हणाली, "हजर."