शेगडीपाशी ठेवलेली गिटार

हल्लीची गिटार वाजवणारी पोरं भेटली की पहिला प्रश्न सामानाचा. कोणता अँप्लिफायर वापरायचात, तारा कुठल्या, आवाज फाडायला काय लावायचात? मला हसू येतं. आमच्या काळात आवाज आपोआप फाटायचा, न फाटू देणं हीच कसरत होती. तरी विचारतातच, तर सांगून टाकतो.

गिटार होती सोलापूरच्या एका ऑर्केस्ट्रातून उतरलेली. तिथल्या वादकाला नवी मिळाली, जुनी माझ्या गळ्यात पडली. पोकळ पोटाची, आणि सगळे जोड सरसाचे. सुतार चौकटीला लावतात तोच सरस, शिजवून लावायचा. तिला विजेचं अंग नव्हतं, ते मी दिलं. मी तेव्हा धाराशिवला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. पोलीस अॅक्शननंतर लष्कराचं बरंच भंगार बाजारात आलं होतं, त्यातल्या एका कानाला लावायच्या फोनमधलं लोहचुंबक मी काढून ठेवलेलं. त्यावर केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळत बसलो. ती तुटायची, मी शिव्या द्यायचो, परत गुंडाळायचो. ते भेंडोळं मेणात बुडवून तारांखाली बसवलं. वायर नेऊन जुन्या रेडिओच्या पाठीमागं जोडली, जिथं ग्रामोफोन जोडायची सोय असे तिथं. रेडिओ तापायला वेळ घ्यायचा. मग आधी घूं असा आवाज, आणि त्या आवाजातून माझी तार. दुकानाचे मालक म्हणाले, "हे दुरुस्त कर बाबा, काहीतरी बिघडलंय." त्यांना वाटलं रेडिओच बोंबलतोय. रॉक वगैरे शब्द आमच्यापर्यंत यायचे होते, पण ते जे काही होतं, ते त्याचंच कुणीतरी लागत असावं.

सामान झालं. आता घराणं. आम्ही तुळजापूरचे, गोंधळी. लग्न झालं, जावळ झालं, की लोक देवीचा गोंधळ घालायला आम्हाला बोलावतात. आबा, म्हणजे माझे वडील, संबळ वाजवायचे. एका काकांकडं गाणं, दुसऱ्या काकांकडं टुणटुणं. टुणटुण्याला तार एकच, ती सारखी एकाच सुरात छेडत राहायची. त्यावर बाकीचा सगळा डोलारा उभा. घरातला मुलगा आधी मागं उभा राहून झील धरतो, म्हणजे गाणाऱ्याची ओळ उचलतो, मग हळूहळू एखादं वाद्य हातात येतं. मी झील धरायला शिकलो आणि तिथूनच पळालो. शाळेत आधी उर्दूचं अलिफ बे गिरवलं, संस्थानाच्या विलीनीकरणानंतर मराठीत बाराखडी, आणि त्यानंतर रेडिओतली गाणी. त्या गाण्यांत मधेच एखादी लांब, रडकी तार घसरत जायची. ती कशाची हे कळायला मला कित्येक महिने लागले. कळलं तेव्हा मी बिघडलोच होतो.

आबांना गिटार खपत नव्हती. सुट्टीला घरी आणली की म्हणायचे, "सहा तारा कशाला लागत्यात रं? आमच्या टुणटुण्याला एक तार हाय, तिच्यावर देवी येती." मी म्हणायचो, "आबा, सहांवर बाकीचे देव येतील." आई पदर तोंडाला लावून हसायची आणि आबा उठून जायचे. असं बरीच वर्षं चाललं. मला मात्र मनातून एकच हवं होतं. एकदा, फक्त एकदा, आबांच्या संबळाबरोबर माझी तार वाजावी. मोठेपणासाठी नव्हे. त्यांचा हात मी लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि त्या हाताबरोबर मी कधीच वाजवलं नव्हतं. हे त्यांना सांगायची हिंमत नव्हती, म्हणून थट्टा करायचो.

आणि एका मार्गशीर्षात ते जुळून आलं. सोनारीकडच्या एका शेतकऱ्याच्या घरचं लग्न होतं. टुणटुणं वाजवणारे काका नेमके विहिरीच्या पायरीवरून घसरले आणि मनगट मोडून बसले. आबांनी दोन दिवस इकडंतिकडं पाहिलं. मग माझ्याकडं न बघता, पान लावता लावता म्हणाले, "तुझं ते आण. पर एकच तार छेड, बाकीच्या गप ठिव." मी व्हय म्हणालो. रेडिओ गोणपाटात बांधला, गिटार चादरीत गुंडाळली आणि आमचा ताफा एसटीनं निघाला. कंडक्टरनं विचारलं, आत काय आहे? आबा म्हणाले, "वाजाप हाय आमचं." आमचं म्हणाले. मला बसमध्ये नाचावंसं वाटलं.

लग्नघरी पोचलो तर आभाळ भरून आलेलं. सकाळपासून भुरभुर चालू होती, सगळं दमट. अशा हवेत संबळाचं कातडं ढिलं पडतं आणि आवाज बद्द येतो. त्यावर उपाय एकच, निखाऱ्याची शेगडी मागवायची आणि संबळ तिच्यापाशी धरून शेकायचा. फिरवत फिरवत शेकायचा, मधेच टिचकी मारून बघायचं. आबा यात वाकबगार होते. गोंधळ दिवेलागणीला होता. आबा ओसरीवर शेगडी घेऊन बसले, आणि मी लाऊडस्पीकरवाल्याच्या बॅटरीवर माझा रेडिओ चालेल का हे बघायला मांडवात गेलो. चालणार नव्हता, पण त्याच्याच भोंग्याच्या यंत्राला माझी वायर लागत होती. तारही मस्त बोलणार होती. मी खुशीत परत आलो.

ओसरीवर आबा बसले होते आणि त्यांच्या हातात गिटार होती. संबळ शेकून बाजूला ठेवलेला. गिटार त्यांनी आपल्या उपरण्यानं पुसली होती आणि शेगडीवर धरून तिचं पोट ते हळूहळू फिरवत होते, एका बोटानं टिचकी मारून कान देत होते. ज्या वस्तूकडं त्यांनी इतकी वर्षं धड बघितलंही नव्हतं, ती ते आपल्या संबळासारखी शेकत होते. मी उंबऱ्याशी थांबलो. मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं, की सरस आठवायला उशीर झाला.

ऊब लागली की सरस मऊ होतो. तारांचा ताण मात्र तसाच असतो. मी "आबा!" म्हणेपर्यंत घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, फाडकन उखडली. पाठोपाठ मान पोटापासून सुटली आणि सगळ्या तारा एकदम लोंबल्या. माझ्या भेंडोळ्याचं मेण वितळून निखाऱ्यांत ठिबकत होतं. आबा हातातले दोन तुकडे बघत राहिले. "दमट झालती रं," ते म्हणाले, "म्हनलं, आवाज चांगला यील."

मी त्यांच्या हातातून तुकडे घेतले आणि म्हणालो, "असू द्या आबा. होतं असं."

आता हे वाचणाऱ्याला वाटेल, शहाणा मुलगा. पण आमच्या घरची रीत सांगितल्याशिवाय त्याचा अर्थ कळणार नाही. आमच्या ताफ्यात चुकणाऱ्याला आबा भर गोंधळात ओरडायचे. झील मागं पडली की "भाकर खाल्ली न्हाईस का?" सूर सुटला की काकांनासुद्धा, देवीसमोर, चार लोकांत. काकाही त्यांना ओरडायचे. भांडण मांडवातच संपायचं आणि सगळे एका पंगतीला जेवायचे. ओरडा मिळत नसे तो फक्त बाहेरच्याला. एकदा बार्शीचा एक वाजवणारा बदली आला होता, त्यानं आबांच्या संबळाचं कातडंच फोडलं. आबा त्याला हसून म्हणाले, "असू द्या, होतं असं." चहा पाजला, गाडीत बसवून दिलं. त्याला आमच्यात परत कुणी बोलावलं नाही.

तेच शब्द माझ्या तोंडून गेले. मला राग आला नव्हता असं नाही, खूप आला होता. पण त्यांचा चेहरा बघून मी तो गिळला, आणि मला वाटलं मी त्यांना सांभाळून घेतलं. आबांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, उपरणं झटकलं आणि संबळ कमरेला बांधला.

गोंधळ झाला. टुणटुण्यावाचून झाला. मी मागं उभा राहून झील धरली, कैक वर्षांनी. साहजिकच चुकलो. दुसऱ्याच ओळीला चुकलो, पुढंही चुकलो. आबा ओरडले नाहीत. काकांना दोनदा ओरडले, मला एकदाही नाही. मी मुद्दाम चुकून बघितलं. नाही.

पुढं गिटार जोडून घेतली, पण तिचा आवाज गेला तो गेलाच. नंतर मी सोलापूरच्या ऑर्केस्ट्रात लागलो. नवी घेतली, कारखान्यात बनलेली, खरं विजेचं अंग असलेली. बरं चाललं माझं. नाव झालं म्हणत नाही, पण लोक थांबून ऐकायचे. दरवर्षी नवरात्रात घरी आलो की गिटार आबांसमोर ठेवायचो आणि म्हणायचो, "आबा, काढा संबळ. घरातल्या घरात वाजवू." ते गिटारीकडं बघायचे, दोन्ही हात पाठीमागं घ्यायचे आणि म्हणायचे, "लई बेस हाय." मग काहीतरी काम काढून उठायचे. मी म्हणायचो, धरा तरी हातात. ते धरायचे नाहीत.

एका वर्षी मी हट्टालाच पेटलो. वाटेत उभा राहिलो. म्हणालो, "हात का लावत नाही तुम्ही?"

"परक्याच्या चिजंला हात लावू न्हाय."

"मी परका आहे का आबा?"

त्यांना रागही नव्हता, तेच वाईट. "तू न्हाय रं," ते म्हणाले. "त्या दिशी म्या झालो."

मी तेव्हा तरी ओरडायला हवं होतं. वाट्टेल ते बोलायला हवं होतं, माझी गिटार जाळलीत म्हणून, इतकी वर्षं तोंड फिरवलंत म्हणून. पण मी वाटेतून बाजूला झालो. ते अंगणात गेले. आमचं दोघांचं मिळून वाजवायचं राहून गेलं.