कॉव्हेंट्री बेडरेल्स

"बॉल सोडा हो. ती जाडी मुलं बघा."

सिस्टर हे टीव्हीकडे बोट दाखवून म्हणायच्या, आणि ते बोट पडद्यावर बरोबर तिथे रोखलेलं असायचं, जिथे दुसरं कोणीच बघत नसतं. अमेरिकन फुटबॉल तुम्ही कधी पाहिला असेल, निदान चॅनल बदलताना, तर ती मुलं तुम्हालाही दिसली असतील. क्वार्टरबॅक नावाचा देखणा तरुण बॉल घेऊन मागे उभा असतो, त्याला आडवा करायला समोरून माणसं धावून येतात आणि त्यांना अडवायला पाच अवाढव्य मुलं ओळीत वाकून उभी असतात. त्यांना लाइनमन म्हणतात. त्यांच्या हातात बॉल येत नाही आणि त्यांचं नाव कोणी घेत नाही. घेतलंच तर त्यांच्या हातून कोणी निसटलं म्हणून.

सिस्टरांना खेळाचे नियम अर्धेच कळायचे. पण ही मुलं मात्र त्यांना पक्की कळली होती.

कॉव्हेंट्रीत आमच्या रस्त्यावर त्या सगळ्यांच्याच सिस्टर होत्या. नागपूरहून तरुणपणी नर्स म्हणून आल्या, इथल्या वॉर्डांत उभी हयात काढली आणि निवृत्त झाल्यावरही वॉर्ड काही सुटला नाही, फक्त तो रस्त्यावर आला. माझी-त्यांची ओळख कचऱ्यावरून झाली. मी नवा होतो, चुकीच्या दिवशी चुकीची बिन बाहेर ठेवली होती. दार वाजलं. पांढऱ्या केसांच्या, बुटक्या बाई उभ्या. "ब्लू लिड नेक्स्ट वीक. आत घे. मराठी ना तू? जय भीम." मी पुणेरी सवयीने "नमस्कार" म्हणालो. पुढे कधीतरी मीही आपसूक "जय भीम" म्हणून गेलो, तेव्हा चहाबरोबरचा केकचा तुकडा दुप्पट मोठा होता.

त्यांचे यजमान, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो, मोटारीच्या कारखान्यात रंगकाम तपासायचे. दारावरचा केसाएवढा ओरखडा त्यांना लांबून दिसायचा, असं सिस्टर अभिमानाने सांगत. मग स्ट्रोक आला. डावा हात-पाय गेला, पण त्याहून विचित्र म्हणजे डावीकडचं अर्धं जगच गेलं. डोळे ठीक होते, मेंदू तिकडची दखल घेईना. भाऊ ताटाचा उजवा अर्धा भाग जेवायचे आणि संपलं म्हणून थांबायचे. मग सिस्टर ताट अर्धं फिरवायच्या. भाऊंना समोर अचानक भात उगवलेला दिसायचा आणि ते खूश होऊन पुन्हा जेवायला लागायचे. हे दोन्ही वेळा, रोज.

मूलबाळ नव्हतं. सिस्टरांचं एकच म्हणणं होतं आणि ते त्या येईल त्याला ऐकवायच्या. "ह्यांना केअर होममध्ये पाठवणार नाही. रिटायर झाल्यावर मी एजन्सीच्या शिफ्ट केल्यात तिथे. माणसं वाईट नसतात रे, पण एक नर्स आणि अख्खा मजला. बेल वाजत राहते. डावीकडे ठेवलेलं पाणी ह्यांना दिसणारसुद्धा नाही, आणि कोणाला ते कळणारही नाही."

रविवारी संध्याकाळी सहाला अमेरिकेतले सामने सुरू होतात. भाऊंना हा खेळ जुन्या काळापासून आवडायचा, आणि स्ट्रोकनंतर दिवस मावळताना त्यांची जी तगमग व्हायची ती टीव्हीवरच्या त्या आरडाओरड्यानेच थांबायची. रविवारी मी त्यांच्याकडे बसायला जायचो. एकदा सहज सिस्टरांना सांगितलं, की क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकतो, त्यामुळे त्याची पाठ डावीकडे होते, तिकडून येणारा त्याला दिसत नाही. म्हणून डावीकडच्या टोकाचा लाइनमन सगळ्यांत भरवशाचा लागतो.

सिस्टरांनी हातातली चहाची गाळणी खाली ठेवली.

"म्हणजे त्यालाही डावीकडचं दिसत नाही?"

"दिसत नाही."

"आणि एक माणूस फक्त त्यासाठी ठेवलाय?"

"फक्त त्यासाठी."

"उठ तू," त्या म्हणाल्या. "तिकडे बस. ह्यांच्या लेफ्टला."

तेव्हापासून माझी जागा ठरली. समोरच्या घरातले सिंगजी, निवृत्त बसड्रायव्हर, उजवीकडे. सकाळ-संध्याकाळ काउन्सिलकडून दोन केअरर यायच्या, त्यांनाही ओळीत धरलं गेलं. मधोमध सिस्टर स्वतः. मोजून पाच. त्या बिचाऱ्या केअररना आपण कसल्या टीममध्ये आहोत याचा पत्ताही नव्हता.

आता लीगचं सांगतो. आम्ही ऑफिसातले काही जण फॅन्टसी फुटबॉल खेळायचो. म्हणजे खऱ्या खेळाडूंमधून पाळीपाळीने आपली कागदी टीम निवडायची, ते मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्याला. त्या वर्षी टीम वाढवायच्या ठरल्या, इंग्रजीत त्याला एक्सपान्शन म्हणतात. निवड करायला सगळे माझ्याकडे जमणार होते, पण रविवार माझा भाऊंकडचा, म्हणून मंडळी लॅपटॉप घेऊन तिथेच आली. आमचा आशुतोष, ज्याने सगळ्या खेळाडूंची गणितं करून आणली होती, तो भाऊंच्या डाव्या बाजूला खुर्ची ओढून बसणार, तेवढ्यात सिस्टर आतून ओरडल्या, "ती जागा बुक आहे!"

पोह्यांच्या बशा वाटून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मलाही एक टीम द्या."

सगळ्यांना गंमत वाटली. त्यांची पाळी आली. त्यांनी एका लाइनमनचं नाव घेतलं. आशुतोष समजुतीच्या सुरात म्हणाला, "सिस्टर, लाइनमनना पॉइंट्स नसतात. ॲपमध्ये ते येतच नाहीत."

"बरं." दुसऱ्या पाळीला त्यांनी दुसरा लाइनमन घेतला. तिसऱ्या पाळीला तिसरा. शेवटपर्यंत तेच. अख्खी टीम जाड्या मुलांची. टीमचं नाव विचारलं तर म्हणाल्या, "कॉव्हेंट्री बेडरेल्स." पलंगावरून पेशंट पडू नये म्हणून कडेला जे कठडे असतात, ते. आम्ही पोट धरून हसलो. भाऊही हसले, अर्ध्या तोंडाने.

ॲपमध्ये बेडरेल्सच्या सगळ्या जागा रिकाम्या दिसायच्या आणि दर आठवड्याला गुण पडायचे शून्य. आशुतोष चिडला. ज्याचा सामना त्यांच्याशी, त्याला फुकट विजय, हे लीगच्या तत्त्वात बसत नाही, म्हणाला. खरं सांगायचं तर मलाही राग यायचा. एकदा मी त्यांना विचारलंच, "हरायचं ठरवून कोणी खेळायला उतरतं का?"

"मी जिंकायला कुठे उतरलेय? पडू द्यायचं नाही, एवढंच."

पण टीम त्यांनी मनापासून चालवली. भाऊंच्या पायाला तेल लावता लावता त्या क्लबचं सगळं ठरवायच्या. स्टेडियम रिंगरोडच्या आत, म्हणजे बसने येता येईल. जर्सीवर पुढे ॲप्रन, कारण ही मुलं जेवताना सांडणार. खाणं वरणभात, तूप सढळ. सीझन नसताना मुलांनी लोकांचे सोफे हलवायचे आणि म्हाताऱ्यांना बाथरूमपर्यंत न्यायचं, त्यात त्यांच्या पाठी खराब होऊ नयेत म्हणून उचलण्याचं ट्रेनिंग सिस्टर स्वतः देणार. "गुडघ्यातून उचलायचं, कमरेतून नाही. एवढं शिकवत नसतील त्यांना अमेरिकेत."

"आणि बॉल?" मी म्हणालो.

"बॉल नको."

"क्वार्टरबॅक?"

"तोही नको. शिटी वाजली की सगळ्यांनी ओळीत वाकून उभं राहायचं. बस."

"पण मागे कोणीच नसेल तर वाचवणार कोणाला?"

"कोणालाच नाही. म्हणून तर. एक सीझन तरी जरा रिलॅक्स होऊ देत त्यांना."

हे बोलून त्यांनी भाऊंकडे पाहिलं. मग उठल्या आणि त्यांची कूस बदलायची वेळ झालेली नसतानाही बदलली. मी चहाचे कप आत नेऊन ठेवले.

बेडरेल्स एकदा जिंकल्या, हेही सांगायला हवं. आशुतोष लग्नाला भारतात गेला आणि टीम लावायला विसरला. त्याचे बाकीचे खेळाडू त्या आठवड्यात जखमी नाहीतर सुट्टीवर होते, यादीत खेळणारं असं एका क्लबचं बचाव पथकच तेवढं उरलं, आणि त्या पथकाने इतका मार खाल्ला की नियमाप्रमाणे त्याला उणे गुण मिळाले. उणे दोन विरुद्ध शून्य. सिस्टर जिंकल्या! रस्त्यावर गुलाबजाम वाटले त्यांनी. सिंगजींना वाटलं भाऊ चालायला लागले.

"बघ," मला म्हणाल्या, "नुसतं उभं राहूनही जमतं कधीकधी."

त्या दिवशी माझाही विश्वास बसला होता. तेवढाच.

नंतर ओळ विस्कटत गेली. सिंगजींचे गुडघे गेले आणि मुलीने त्यांना लंडनमध्ये ईलिंगला नेलं. काउन्सिलची रिव्ह्यू करणारी बाई आली, वागायला फार चांगली होती, आणि दोन केअररची एक केली. सोबत भाऊंना उचलायला यंत्र दिलं. ते यंत्र दरवाजातून आत येईना. केअरर यायची ती घड्याळाकडे बघतच. मी ऑफिस सुटल्यावर जायचो, पण सकाळी कोण? सकाळी सिस्टर एकट्या उचलायच्या. गुडघ्यातून.

पाठ दुखते म्हणायच्या. आम्हीही म्हणायचो, दुखणारच. एका गुरुवारी मी बिन बाहेर काढत होतो, त्या फाटकाशी आल्या आणि वॉर्डची ड्यूटी बदलताना सांगतात तशा आवाजात म्हणाल्या, "बॅकपेन नाहीये ते. पँक्रियाजचा कॅन्सर आहे. लिव्हरमध्ये गेलंय. आता ह्यांचं काय ते बघावं लागेल."

मी म्हणालो, "आपण सगळे आहोत ना."

"आपण सगळे म्हणजे कोण रे?" त्या रागाने नाही म्हणाल्या. खरंच मोजत होत्या. "तू आहेस. तुला नोकरी आहे."

होम त्यांनीच निवडलं. जितकी पाहिली त्यात हे बरं, म्हणाल्या. न्यायला ॲम्ब्युलन्सचे दोन दांडगे गोरे तरुण आले. सिस्टरांनी त्यांना दारातच थांबवून भाऊंना कसं धरायचं ते दाखवलं, डावा हात आधी छातीवर घ्या, तो त्यांना आठवत नाही, लटकत राहील. पोरांनी मुकाट्याने ऐकलं. भाऊंना नेल्यावर त्या रिकाम्या पलंगाजवळ उभ्या राहिल्या. मी जवळ गेलो, तर म्हणाल्या, "मी पाठवणार नाही म्हणाले होते." मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला. एवढ्या वर्षांत त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं, आणि मीही रडलो.

बसवेल तोवर त्या रोज बसने जायच्या. तिथल्या प्रत्येक नव्या मुलीला भाऊंची डावी बाजू समजावून सांगायच्या. मुली ऐकायच्या, आणि पुढच्या आठवड्यात तिथे दुसऱ्याच मुली असायच्या. मग बसही झेपेना. पानं गळायच्या आत सिस्टर गेल्या, त्याच हॉस्पिटलात जिथे त्यांनी सगळी नोकरी केली होती. त्यांना ओळखणारं तिथे कोणी उरलेलं नव्हतं.

अंत्यविधीच्या त्रिसरणाला हॉल भरला होता. लीगची सगळी मुलं पांढरे शर्ट घालून आली, आशुतोषसुद्धा. भाऊंना आणता आलं नाही. सोबत द्यायला होमकडे त्या दिवशी माणूस नव्हता. त्यांना कळवू नका, तिथली नर्स मला म्हणाली. सांगितलं तरी उद्या विसरतील आणि पुन्हा पहिल्यापासून दुःख करतील. मला ते पटलं नाही, पण मी सांगितलंही नाही.

लीग पुन्हा पूर्वीएवढीच झाली. वाढवलेली जागा घ्यायला कोणी पुढे आलं नाही.

रविवारी मी होममध्ये जातो. सहा वाजता त्यांच्या खोलीतला टीव्ही लावतो. परवा सामना सुरू होऊन थोडा वेळ झाला होता. डावीकडून एक जण सुसाट आला आणि क्वार्टरबॅक जमिनीवर आपटला. डॉक्टर मैदानात धावले, सगळे खेळाडू गुडघ्यावर बसले. भाऊ महिनाभर काही बोलले नव्हते. पडद्याकडे बघत, अगदी स्वच्छ आवाजात त्यांनी विचारलं, "कोणाला लागलं?"

"कोणालाच नाही, भाऊ," मी म्हणालो. "कोणालाच नाही लागलं."

त्यांनी मान हलवली. नर्स जेवण ठेवून गेली होती. भाऊंचं ताटातलं उजवीकडचं अर्धं खाऊन झालं होतं आणि त्यांनी चमचा खाली ठेवला.