यादीतलं चौथं नाव

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. वडिलांना सांगणार होतो, पण त्याआधीच ते गेले — हेसुद्धा खोटंच. त्यांना सांगायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. बघा, सुरुवातच अशी होते माझी. आणि ज्यांना सांगायला हवं होतं ते महाजन सर गेल्या महिन्यात माझ्या दुकानात तासभर गादीवर बसून, चहा पिऊन गेले. त्यांनाही मी काही बोललो नाही.

माझं इतवाऱ्यात कापडाचं दुकान आहे. वडिलांचंच, मी चालवतो. आता पोट सुटलंय, जिना चढताना धाप लागते. हा माणूस शाळेत असताना बेसबॉल खेळायचा असं कोणी म्हटलं, तर गिऱ्हाईक आधी माझ्याकडे बघतं आणि मग हसतं. बुऱ्हाणपुरात आणि बेसबॉल? पण होता. तीन वर्षं होता. आणि खरं सांगू का — त्या तीन वर्षांइतकं चांगलं मला पुन्हा कधी वाटलंच नाही.

महाजन सर हा खेळ इंदूरहून शिकून आले होते. शाळेने त्यांना कोच म्हणून ठेवलं, पण वर्षाच्या बोलीवर. दर जूनला नवा कागद. सर तेव्हा तिशीतले, किडकिडीत, डोक्यावर कायम एक निळी टोपी. तुकईथडची बायको, वर्षाची मुलगी, आणि आमच्याच गल्लीच्या मागे भाड्याच्या दोन खोल्या. पहाटे साडेपाचला ते गल्लीतून शिट्टी वाजवत जायचे आणि आम्ही तोंड न धुता मागे पळायचो.

मैदान तापीच्या अंगाला होतं. खेळाडू नऊ आणि हातमोजे सहा. डाव बदलला की समोरची टीम आपले मोजे आम्हाला देऊन जायची, नाही दिले तर तिघं उघड्या हाताने उभे. बेस म्हणजे गोणपाटाच्या पिशव्या. फोपनारचा दिनकर घरून केळीची वाळलेली पानं पोत्यात घेऊन यायचा, ती आम्ही त्यात दाबून भरायचो. जोरात घसरत जाऊन पाय लावला की पिशवी फाटायची आणि पानांचा भुगा चड्डीत. घरी आई विचारायची, मैदानात जातोस की केळीच्या बागेत? रस्त्याने जाणारे सायकल थांबवून ओरडायचे, “ए, तुमचे स्टंप कोणी चोरले रे?”

आणि आम्ही हरायचो. असे हरायचो की विचारू नका. खंडव्याकडून हरलो, खरगोनकडून हरलो, एकदा सराव म्हणून मुलींच्या टीमशी खेळलो, त्यांच्याकडूनही हरलो. हरल्यावर सर आम्हाला मावा जिलेबी खायला न्यायचे. दोघांत एक. म्हणायचे, “हारलेल्याला गोड जादा लागते. जिंकाल तवा पूर्ण एक मिळेल.” पूर्ण एक जिलेबी आम्हाला त्या तीन वर्षांत मिळालीच नाही, तरी त्या अर्ध्या जिलेबीची चव अजून तोंडात आहे.

मुद्द्यावर येतो. येतोच आहे. आतापर्यंतचं सगळं सांगायला मला आवडतं ना, म्हणून रेंगाळलो.

तिसऱ्या वर्षी, मी अकरावीत असताना, शिपायाकडून आम्हाला कळलं की शाळेच्या कमिटीत सरांवरून बोलणं झालंय. या वर्षी एक तरी सामना जिंका, नाहीतर खेळ बंद आणि सरांचा कागदही बंद. सर स्वतः यातलं काही बोलले नाहीत. फक्त सरावाची वेळ अर्धा तास वाढली. आणि खंडव्याची टीम आमच्या मैदानावर येणार त्याच्या आदल्या दिवशी, पिशव्या शिवता शिवता, मान वर न करता म्हणाले, “एक मॅच जिंका रे पोरांनो. बस, एक.”

आता माझं काम काय होतं ते ऐका. माझं अक्षर चांगलं. सामन्याच्या सकाळी सर हातात डबा घेऊन मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचे. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे. त्यामुळे कागदाला ते हात लावायचे नाहीत. चालता चालता फलंदाजीचा क्रम सांगायचे आणि मी लिहायचो. तो कागद मी पंचांना नेऊन द्यायचो, त्याची एक नक्कल समोरच्या कोचला. क्रम दर सामन्याला बदलायचा, समोरचा बॉल टाकणारा कसा आहे ते बघून. आणि या खेळात त्या कागदाला फार मान आहे. पंचांना दिलेली यादी हीच खरी. त्यातला क्रम मोडून कोणी बॅट धरली आणि समोरच्याने हरकत घेतली, तर त्याने कमावलेलं सगळं रद्द. आणि बाद कोण होतो माहीत आहे? खेळून आलेला नव्हे. यादीप्रमाणे ज्याची पाळी होती तो.

चौथा नंबर सगळ्यात मानाचा. आधीचे तीन बेसवर पोचले की त्यांना घरी, म्हणजे सुरुवातीच्या बेसवर, आणून धाव करवायचं काम चौथ्याचं. आमच्यात तसा मारणारा एकच — दिनकर. आणि मी? मी नववा. शेवटचा. माझी बॅट बॉलला लागली तर दोघांनाही आश्चर्य वाटायचं.

पण घरी मी वेगळंच सांगितलं होतं. वडील खेळाला रिकामटेकडेपणा म्हणायचे, म्हणून एकदा जेवताना बोलून गेलो — मी चौथा खेळतो, सगळ्यात भारी पोराला चौथा ठेवतात. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला हेच सांगताना मी त्यांना ऐकलं. मग मी ते दुरुस्त केलं नाही. कसं करणार? माझ्याबद्दल ते कोणाला काही अभिमानाने सांगत होते, अशी ती पहिलीच वेळ होती. आणि खंडव्याच्या सामन्याला, दुकान मुनीमजींवर सोडून, ते स्वतः मैदानात येऊन बसले. धुतलेलं धोतर, हातात छत्री.

सर तिसऱ्या बेसपाशी वाकून रेघ मारत होते. तिथून म्हणाले, “चौथा — दिनकर.” मी चारच्या पुढे माझं नाव लिहिलं. नववा म्हणून त्यांनी माझं नाव घेतलं, तिथे दिनकर लिहिलं. अक्षर जरा जास्तच चांगलं आलं. मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं: वेळ आली की म्हणायचं, सर, चुकून माझं नाव पडलंय आणि यादी तर गेली, आता मलाच जावं लागेल. सर चिडतील, पण पाठवतील. एका दिवसाचा तर प्रश्न.

पहिल्याच डावात ती वेळ आली. सर ओरडले, “दिनकर, चल.” दिनकर उठला. आता बोल, आता बोल, असं मी स्वतःला म्हणत राहिलो आणि तो बॅट घेऊन निघून गेला. तो बाद होऊन परत आला, कोणी हरकत घेतली नाही, आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. दुसऱ्यांदाही तसंच. मला वाटलं, कोणाच्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं होतं. खंडव्याचे कोच मुरलेले होते, त्यांनी नक्कल मांडीवरच ठेवली होती. पण दिनकर आपणहून बाद होत असताना ते तोंड कशाला उघडतील?

शेवटचा डाव. आम्ही एका धावेने मागे, दोघं बाद, दोघं बेसवर. दिनकर गेला आणि त्याने बॉल असा मारला की तो थेट नदीच्या उताराकडे गडगडत गेला. दोन्ही पोरं घरी आली. आम्ही जिंकलो. मिनिटभर आम्ही खरंच जिंकलेले होतो. दिनकरला पोरांनी खांद्यावर घेतलं, सरांनी टोपी काढून तोंड झाकलं — रडत होते ते, मी पाहिलं. तेवढ्यात खंडव्याचे कोच सावकाश चालत पंचांकडे गेले. हातात माझ्या अक्षरातला कागद.

पंचांनी मोठ्याने वाचलं. चौथा हेमंत. हेमंत बाद. दोन्ही धावा रद्द, सामना संपला. बॅटला हात न लावता मी बाद झालो, सगळ्या मैदानासमोर.

सरांनी कागद मागून घेतला. मी त्यांच्यापासून चार पावलांवर होतो. आता ते माझ्याकडे बघतील, असं वाटलं. पण त्यांनी कागद परत दिला आणि पंचांना म्हणाले, “गलती माझी आहे साहेब. मीच उलटं सांगितलं असेल.”

घरी जाताना वडिलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तसे ते कधी ठेवत नसत. म्हणाले, “तू तर खराच चौथा होता रे. मास्तरनं तुझी पाळी दुसऱ्याले देऊन टाकली.” आणि मी मान हलवली. तेव्हा मला काय वाटलं ते सांगायलाच हवं, नाहीतर हे सगळं सांगून उपयोग काय? मला बरं वाटलं. सर, सामना, दिनकर, सगळं एका बाजूला, आणि खांद्यावरचा तो हात एका बाजूला.

कमिटीतले एक जण आमच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक. वडिलांनी त्यांच्यापाशी तक्रार केली — माझ्या पोरावर अन्याय झाला, त्या मास्तरला साधी यादी सांगता येत नाही. आठवड्याने मला हेडसरांच्या खोलीत बोलावलं. महाजन सर तिथेच उभे होते, टोपी हातात. हेडसरांनी विचारलं, सरांनी काय सांगितलं होतं आणि तू काय लिहिलंस?

मी म्हणालो, “जे सांगितलं तेच लिहिलं.”

दोन शब्द खरे बोललो असतो तर त्या माणसाची नोकरी राहिली असती. कदाचित. निदान हा दोष तरी त्यांच्या माथी बसला नसता. सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय असता तर मला सोपं गेलं असतं, पण तसं काहीच नव्हतं. ते हेडसरांना म्हणाले, “पोरगं झूठ कशाला बोलेल साहेब? माझ्याच तोंडून निघालं असेल.”

जूनमध्ये नवा कागद आला नाही. सर सासुरवाडीला, तुकईथडला गेले, मेहुण्याची कापूस आणि केळी बघायला. टेम्पोत सामान चढवायला दिनकर फोपनारहून सायकलवर आला होता. मी शंभर पावलांवर राहत होतो, मी गेलो नाही. दुकानाच्या आत कापडाची ठाणं उलगडत बसलो आणि टेम्पो समोरून गेला. गोणपाटाच्या त्या पिशव्या पावसाळाभर मैदानाच्या कोपऱ्यात कुजत पडल्या होत्या. दिनकर अजून भेटला की म्हणतो, “आपला बॉल गेला होता ना भाऊ नदीकडे?” मी म्हणतो, गेला होता.

तेव्हा तू लहान होतास, असं तुम्ही म्हणाल. म्हणू नका. गेल्या महिन्यात मी त्रेचाळीस वर्षांचा होतो.

सर दुकानात आले ते मुलीच्या लग्नातल्या आहेराचं कापड घ्यायला. तीच मुलगी, तेव्हा वर्षाची होती ती. केस पिकलेत, चष्मा आलाय. मी वाकून पाया पडलो. नातेवाइकांची यादी ते तोंडी सांगायला लागले — कोणाला लुगडं, कोणाला शर्टपीस, कोणाला टॉवेल-टोपी — आणि मी लिहायला लागलो. प्रत्येक नाव ते दोनदा सांगत होते. पाच-सहा नावं झाली की थांबायचे. “वाच बरं एक बार.” मी वाचायचो, ते बोटांवर मोजायचे, मग पुढे.

मी सहज म्हटलं, सर, इतकं कशाला, मी बरोबर लिहितोय.

ते हसले. म्हणाले, “तू बरोबरच लिहिशील रे. भरवसा माझा नाही. मी बोलतो एक अन् तोंडातून निघते दुसरं. मजूर पण हसतात मला, दोन-दोन बार सांगतो म्हणून. तुले तर मालूम आहे ना, त्या दिवशी काय झालं होतं.”

पंचवीस-सव्वीस वर्षं. नोकरी गेली ते मला माहीत होतं, त्याची मी मनाशी कशीबशी सोय लावून घेतली होती — त्यांना तिकडे शेती मिळाली, वाईट काही झालं नाही. पण हा माणूस तेव्हापासून स्वतःच्याच शब्दावर विश्वास ठेवत नव्हता, हे मला माहीत नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पोऱ्या चहाचे कप परत द्यायला गेला होता. सांगायला याहून चांगली वेळ कुठली? मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

आणि म्हणालो, “पुढे सांगा, सर.”

यादी पूर्ण झाली. मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. सरांनी कागद हातात घेतला, लांब धरून बघितला आणि म्हणाले, “अक्षर अजून तसंच आहे तुझं.” कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि बसची वेळ झाली म्हणून गेले.

ती एक यादी मात्र मी कधी वाचून दाखवली नाही. चुन्याने भरलेल्या हातांनी, तिसऱ्या बेसपाशी वाकून, तुम्ही सांगितली ती अशी होती, सर. चौथा दिनकर. नववा हेमंत. तुम्ही बरोबर सांगितलं होतं.